सुखीचा ढावलो

आज दिवाळीची काळी अमावस्या. सकाळपासून मी चारदा घरात गेली, चारदा बाहेर आली. काय आणायले गेलती तेच ध्यानात राहत नाही. सारवण झालं, दिवे धुऊन झाले, बकरीले पाला टाकून झाला, तरी हातपाय थांबत नाही. माहा मालक धावजी बाजंवर बसून बिडी ओढून राह्यला अन् मले पाहून हासून राह्यला. म्हणते, "रामी, बस ना घडीभर. भिंगरी लागली काय तुह्या पायाले?" बसवत नाही तं नाही बसवत! माणसाले सारं फोडूनच सांगावं लागते काय?

आमचं बंजाऱ्याइचं वरीस दिवाळीले सरते. आज दिवस बुडाला का तांड्यातल्या कुंवाऱ्या पोरी नवे फेटिये, म्हणजे आमचे आरशाचे घागरे, घालून निघतीन. हातात दिवा. आधी तांड्याच्या नायकाच्या घरी, मंग एकेक करून साऱ्याइच्या दारात, अन् घरच्या मोठ्याइचं वर्सभराचं भलं मागतीन. त्याले आमी 'मेरा' म्हणतो. मागच्या सालापर्यंत त्या पोरीत माही सुखी होती. सा वर्सं पुसदच्या बोर्डिंगात राह्यली, पन एक दिवाळी चुकवली नाही तिनं. औंदा फागुनात तिचं लगन झालं. आता ती राळेगावकडच्या तांड्यावर नांदून राह्यली. लगन झालेली पोरगी मेऱ्याले येत नसते. म्हणजे आज दारात दिवे येतीन अन् त्यात सुखी नसन. हे मले पक्कं मालूम हाय, तरी मी सडकेकडं पाहून राह्यली. येड लागलं मले, दुसरं काय!

वसराम, माहा मोठा पोरगा, तोबी औंदा वेगळा निघाला. तांड्याच्या दुसऱ्या टोकाले त्याचं घर. सडकेच्या कामावर मुकादम झाला, डोक्याले तेल लावून भांग पाडते. सकाळी आला, दारात उभा राह्यला अन् म्हणे, "याडी, बजारातून काही आणायचं हाय काय?" याडी म्हणजे आमच्या बोलीत माय. घ्या! पावण्यासारखा इचारून राह्यला! जो पोट्टा टोपलीतल्या भाकरी न इचारता उचलत होता, तो आता उभ्या उभ्या इचारते अन् निघून जाते. म्या म्हटलं, "काही नाही पाह्यजे, जाय." तो गेला. मंग मलेच वाईट वाटलं. लेकरं आपापल्या पायावर उभी झाली का मायनं खुश व्हावं म्हणतात. मी खुश हाय ना. नाही कोण म्हणते? पन खुश माणसाले अशी उलघाल होत असते काय?

या वर्सानं मले लय फिरवलं. मागच्या दिवाळीपासून फागुनापर्यंत मले एकच घोर होता. माही सुखी लग्नात माह्या गळ्यात पडून रडन का नाही, एवढाच. तुमी हासान. हासा. धावजीबी हासला होता.

आमच्यात नवरी सासरी निघते तेव्हा ढावलो म्हणते. ढावलो म्हणजे नवरीचं रडणं, पन निस्तं हुंदके देणं नाही. एकेकाच्या गळ्यात पडायचं अन् सुरात बोलून बोलून रडायचं. तू माह्यासाठी काय केलं, काय करायचं राहून गेलं, मी आता कोणाच्या दारात जाऊन उभी राहू. मायले वेगळं, बापाले वेगळं, भावाले वेगळं. मनात भांडण असन तं तेबी त्यातच काढायचं. त्या दिवशी नवरीले कोणी अडवत नाही, कोणी रागवत नाही. पोरी हे शिकतात कशा? कोणी बसून शिकवत नाही. दहा-बारा वर्सांच्या होईपर्यंत मावश्या, काक्या, शेजारणी सासरी जातात, त्याइच्या मागं उभं राहून कानात भरते. अन् माही सुखी त्याच वर्सांत पुसदले पाढे पाठ करून राह्यलती.

तिले शाळेत घालायचं खूळ माहंच. धावजीचं नाही, नायकाचं नाही, कोणाचंच नाही. झालं असं का वसराम लहान असताना तापानं फणफणला. त्याले घेऊन मी दवाखान्यात पुसदले निघाली. फाट्यावर मोटार आली, मी चढली. मोटारीवर हे एवढी पाटी. सारे लोक वाचून चढत होते, मीच तेवढी पाटीकडं तोंड वासून पाह्यत होती. उतरली तं दिग्रस! उलट्या बाजूले. तापलेलं पोरगं खांद्यावर घेऊन मी दिग्रसच्या अड्ड्यावर अशी रडली का बापा रे! वसराम जगला, त्याचं नशीब. पन त्या दिवशी म्या ठरवलं का माह्या पोरीले पाटी वाचता येईन.

वसराम तोवर ढोरामागं लागून मोठा झाला होता, त्याचं वय निघून गेलतं. सुखी नऊ वर्सांची होती. बोर्डिंगात पोरी घेतात असं कोणी सांगतलं, अन् मी धावजीच्या मागं लागली. त्यानं आठ दिवस माह्यासंग बोलणं टाकलं. नायक म्हणे, पोरगी हातची जाईन. तांड्यातल्या बाया म्हणे, रामीबाईले लेक जड झाली. म्या साऱ्याइले एकेक करून उत्तर देलं. माही जीभ कशी हाय ते या तांड्यात कोणाले इचारा.

तं मागच्या दिवाळीले सुखी सातवीतून आली ते कायमची आली. पंधरा वर्सांची. पोलकं, पातळ, दोन येण्या. बसणं-उठणं नीट, आवाज खालचा. घरात याडी म्हणे, पन बाकी बुकातली मराठी. "मला भूक नाही." "तू बस, मी करते." मी तिले आमच्या बंजाऱ्याइच्या गोरबोलीत हाक मारली तं ती मराठीत उत्तर दे. एक दिवस म्या मुद्दाम तिच्यासंग भांडण उकरलं. भाकर करपली म्हणून नको नको ते बोलली. तिच्या आजीपर्यंत गेली. मले पाहाचं होतं, पोरीच्या डोळ्यात पाणी येते का नाही. तिनं सारं ऐकून घेतलं अन् म्हणाली, "बरं याडी, उद्यापासून लक्ष ठेवीन." उद्यापासून लक्ष ठेवीन! जशी काही मी तिची मास्तरीण. मीच गोठ्यामागं जाऊन रडली.

त्याच दिवाळीत नायकानं सोयरीक आणली. पोरगा राळेगावकडचा, आपल्यातलाच, शाळेत मास्तर. त्याले शिकेल पोरगी पाह्यजे होती अन् दुसरं काही मागत नव्हता. धावजीची छाती फुगली. सुखीले इचारलं तं तिनं मान खाली घालून "बरं" म्हटलं. लगन फागुनात ठरलं. सारा तांडा खुश, अन् मी दिवस मोजाले लागली. चार महिने! चार महिन्यांत ही पोरगी ढावलो शिकन कवा अन् म्हणन कवा? अन् नाहीच म्हटला तं? कोरडी उठून, "येते याडी" म्हणून बंडीत बसली तं? लोक काय म्हणतीन ते म्हणोत, लोकाइले मी पुरून उरन. पन मलेच कसं समजावं का ही पोरगी माही राह्यली का नाही? बाकी कशावरून समजाचं? नऊ वर्सं माह्याजवळ, सा वर्सं दुसऱ्याइजवळ, अन् आता जन्मभर तिसऱ्याइजवळ.

मी लालीबाईकडं गेली. लालीबाई म्हणजे तांड्यातली साऱ्यात बुढी बाई. दात एक नाही, पन तिचा ढावलो ऐकून म्हणे नवरदेवाकडचे लोकबी रडलते. तांडा बैलाच्या पाठीवर मीठ-धान्य लादून रानोरान फिरत होता, त्या जमान्यात तिचं लगन झालं. म्या तिच्या पायावर हात ठेवले. म्हटलं, "दादी, माह्या पोरीले रडणं शिकव." बुढी माह्याकडं पाहत राह्यली. म्हणे, "अवो, हे काय शिकवाची गोठ हाय? पोरीले काय झालं?" म्या म्हटलं, "शिकली." बुढी हासून हासून खोकली.

पन आली बापडी. पऱ्हाटीचा हंगाम होता. दुपारपर्यंत आमी कुणब्याच्या वावरात कापूस वेचायचो, मंग घरी येऊन मी भाकरी टाकायची अन् ह्या दोघी आंगणात बसायच्या. बुढी एक बोल म्हणे, सुरात, हात हालवून, डोळे मिटून. तिच्या मायले तिनं काय म्हटलं होतं, भावाले काय म्हटलं होतं, सारं जसंच्या तसं. पहिल्या दिवशी मी चुलीपाशी बसून डोळे पुसत होती. वळून पाह्यलं तं सुखी खाली मान घालून भराभरा लिहून राह्यली! शंभर पानी वही. वरती तीन मथळे पाडेल. आईसाठी, वडिलांसाठी, भावासाठी.

लालीबाईनं डोळे उघडले. "हे काय खरडून राह्यली वो?"

"दादी, उतरवून घेते. म्हणजे विसरणार नाही."

"विसरली तं नवीन म्हण! तुही माय काय विसराची चीज हाय?"

सुखी गोंधळली. तिचं काही चुकलं असं तिले वाटत नव्हतं, अन् खरं सांगू, मलेबी त्या वक्ती वाटलं नाही. म्या म्हटलं, लिहू दे दादी, तिले तसंच येते. पाटी वाचता यावी म्हणून शाळेत घातलं, अन् आता पोरगी वहीत पाहून रडते तं मी तोंड कोणत्या तोंडानं वाजवू? बुढी कुरकुरली, पन रोज येत राह्यली. पौषात वही भरली. माघात सुखीले सारं पाठ. एक दिवस तिनं बुढीपुढं उभं राहून पहिल्या बोलापासून शेवटपर्यंत म्हणून दाखवलं. एक शब्द इकडचा तिकडं नाही. सूरबी बरा. शाळेत पाव्हणे आल्यावर पोरी कविता म्हणतात, तशी हात बांधून. लालीबाई उठली, लुगड्याची धूळ झटकली अन् जाता जाता माह्या कानात म्हणे, "रामी, पोरगी गुणाची हाय. पन हे माहं रडणं हाय, तिचं नाही."

मले रात्रंदिस तेच. कापूस वेचताना बोंडाचा काटा बोटात गेला तरी समजेना. धावजी म्हणे, "अवो, म्हणते ना पोरगी? मंग झालं तं! लोकाइले ऐकू आलं म्हणजे झालं." वरून मास्तर जावयाचा निरोप आला, का रडारडीची काही गरज नाही, सुधारलेल्या लोकाइत हे चालत नाही. सुखीनं मले तो निरोप वाचून दाखवला अन् हळूच म्हणाली, "याडी, तेही म्हणतात, नको." म्या म्हटलं, "त्याले काय जाते नोको म्हणाले? त्याच्या घरी बायको येते. माह्या घरातून पोरगी जाते." सुखीनं कागदाची घडी केली. मंग म्हणाली, "मी म्हणणार आहे. तुला हवं आहे ना, मग म्हणणार." तुला हवं आहे ना! उसनी मागेल साखर वाटीत घालून देल्यासारखी. मी उठून भाकरी टाकाले बसली.

फागुनात लगन झालं. चांगलं झालं. नंगारा वाजला, पोरं नाचले, जावई देखणा हाय, खोटं कायले बोलू. तिसऱ्या दिवशी निघाची वेळ आली. आमच्यात नवरी निघताना सजवलेल्या बैलाच्या पाठीवर उभी राहते अन् बापाच्या तांड्याले आशीर्वाद देते, अन् मंगच सासरच्या बंडीत बसते. बैल तयार होता, शिंगाले झुबके, पाठीवर झूल. त्याच्याआधी ढावलो. सुखीले फेटिया-कांचळी घालेल, कपाळापासून पायापर्यंत आरसे, हातभर चुडा. दोन येण्यांची पोरगी कुठं गेली समजेना. साऱ्या बाया गोल करून उभ्या. लालीबाई पुढं, काठीवर हात टेकून.

आधी बापाच्या गळ्यात पडली. म्हटला. धावजी ढसाढसा रडला. त्याले काय, तो बकरू विकलं तरी रडते. मंग वसराम. त्याच्याबी गळ्यात पडून म्हटला, चुकली नाही. वसराम मुकादम झाला तरी उपरण्यात तोंड घालून उभा राह्यला. बाया एकमेकीले म्हणून राह्यल्या, पाहा वो, शाळेतली पोरगी, पन काय म्हणते! मंग ती माह्याकडं आली. तिनं माह्या गळ्यात हात टाकले. सा वर्सांत पहिल्यांदा ती एवढी जवळ आली होती. तिच्या आंगाचा वास तोच होता, लहानपणचा. अन् तिनं सुरू केलं. याडी, तू मले मोहाच्या झाडाखाली जनलं. याडी, तू मले कडेवर घेऊन नदीनाले ओलांडले. याडी, बैलाच्या घंटेच्या आवाजात तू मले निजवलं.

कोणता मोह अन् कोणता बैल! सुखी या घरात झाली, त्या कोपऱ्यात, जवारी काढाच्या दिवसात. मी कोणतीच नदी ओलांडली नाही. ते सारं लालीबाईच्या मायचं. माह्या गळ्यात पडून माही पोरगी दुसऱ्याच्या मायसाठी रडून राह्यली, अन् भोवतालच्या बाया पदरानं डोळे पुसून राह्यल्या! मले असा राग आला का काय सांगू. लगन, पावणे, जावई, काही दिसलं नाही. म्या तिचे दोन्ही दंड धरले अन् म्हटलं, "बंद कर. हे लालीबाईचं हाय. मले नोको. माहं काही असन तं म्हण, नसन तं उग्या तोंडानं जाय."

धावजी म्हणे, "अवो रामी, काय करून राह्यली..." नवरीले ढावलोत कोणी अडवत नाही, अन् तिच्या मायनंच अडवलं. सुखीचं तोंड पांढरं पडलं. मले वाटलं, गेली. आता ही वळन अन् जाईन. आपल्या हातानं केलं आपण.

ती वळली नाही. माह्याकडं पाहत राह्यली. अन् मंग बोलली, आमच्या बोलीत. बुकातली मराठी कुठच्या कुठं गेली. आधी सूर नव्हता, निस्ती बोलली. "तुहं म्हणू? याडी, तू मले मोटारीत बसवलं. मी नऊ वर्सांची होती. मी खिडकीत होती. बा हात हालवून राह्यलता, वसराम मोटारीमागं पळून राह्यलता, अन् तू पाठ फिरवली." इथं तिचा आवाज फाटला अन् आपोआप सुरात गेला. "मी वळणापर्यंत पाह्यलं याडी, तू फिरून पाह्यलं नाही. मी दोन महिने रडली याडी, ताटावर रडली, पाटीवर रडली, कोणी आलं नाही. माहं रडणं तिथंच सरलं याडी, आता कायले मागते? मले तूच देऊन टाकलं नवव्या वर्सी, आज कोणाची पोरगी लावून देऊन राह्यली?"

ती माह्या छातीवर मुठी मारून म्हणून राह्यलती. लालीबाईच्या हातातली काठी खाली पडली, तिनं उचलली नाही. चार महिने जे मागत होती ते मले भेटलं होतं. मायनंबी ढावलोले ढावलोत उत्तर द्याचं असते. अन् मले, रामीले, जिच्यापुढं नायक दोनदा इचार करून बोलते, सूरच सापडेना. मी साधंच बोलली. धावजीले माहीत नव्हतं, वसरामले माहीत नव्हतं, सा वर्सं कोणाले नव्हतं सांगतलं, ते सारं तांड्यासमोर बोलली.

म्या म्हटलं, पोरी, मी पाठ फिरवली कारण माहं तोंड तुले दाखवाजोगं राह्यलं नव्हतं. मोटार वळणाआड गेली, तुहा बा अन् वसराम घरच्या वाटेले लागले, अन् मी मागं राह्यली. घरी नाही गेली, मोटारीच्या मागं गेली. चाकाच्या खुणा पाहत पाहत, मंग सडक सोडून घाटातून, पायी. आठ कोस. पुसदले पोहोचली तं दिवस बुडून राह्यलता. इचारत इचारत बोर्डिंग काढलं. मागच्या बाजूले कुड होता, तुराट्याचा. त्याच्यातून पाह्यलं तं तुमी पोरी ओळीनं जेवाले बसेल. तू शेवटून दुसरी. तुह्या ताटात भाकर तशीच होती अन् तू याडी याडी करून राह्यलती. मी कुडाच्या इकडं होती. हात लांब केला असता तं तुही येणी हातात आली असती.

धावजीचे डोळे एवढाले झाले. "त्या दिवशी? अवो, तू तं म्हणे म्हैस हरपली, तिले शोधत फिरली!" कोणीतरी हासलं.

सुखीच्या मुठी उघडल्या. ती माह्या तोंडाकडं अशी पाहून राह्यलती, जशी मी कोणी नवीनच बाई हाय. म्हणे, "तू तिथं होती?"

"होती. तुमी झोपाले आत गेल्या तोवर होती."

"मंग मले हाक काहून नाही मारली?"

"हाक मारली असती तं तू माह्यासंग परत आली असती."

"आली असती," सुखी म्हणाली. "पळत आली असती."

म्या म्हटलं, "म्हणूनच नाही मारली."

तिनं माह्या गळ्यात पुन्हा हात टाकले. आता ढावलो नव्हता, सूर नव्हता, नऊ वर्सांच्या पोरीसारखी तोंड उघडं टाकून रडून राह्यलती, अन् मीबी तशीच. चुड्याचे काठ माह्या मानेत रुतून राह्यलते. बायाइनं पुढं होऊन तिले सोडवाले पाह्यलं, लालीबाईनं साऱ्याइले हातानं मागं सारलं. बैल उभा राहून राहून पाय आपटाले लागला. नवरदेवाकडचा एक म्हातारा पुढं आला अन् धावजीले म्हणे, दिवस कलला, फाट्यावर मोटार धराची हाय, राळेगाव दूर हाय, उशीर होऊन राह्यला. धावजीनं माह्याकडं पाह्यलं.

म्या म्हटलं, "होऊ द्या."